दर रविवारी भारत

८ जानेवारी, रविवार
आज भारतात जाऊन आलो. दीड तास लागला. जाताना वारा पाठीवर, येताना तोंडावर. कोपऱ्यावर नगरपालिकेने बांधलेला दोर धरून थोडा वेळ उभं राहावं लागलं. एक बाई माझ्याआधीच त्याला लोंबकळत होत्या. बाकी प्रवास सुखाचा.

‘बॉम्बेचा तारा’ म्हणजे चिलीच्या दक्षिण टोकावरच्या आमच्या पुन्ता अरेनासमधलं एकुलतं एक भारतीय हॉटेल. बटर कोकरू खाल्लं. भारतात म्हणे यात कोंबडी घालतात. आमच्याकडे कोकरू स्वस्त, म्हणून मालक ठाकुरदास कोकरू घालतो. मला वाटतं मूळ पदार्थ कोकराचाच असणार, कोंबडी मागाहून घुसली.

जग बघायला घर सोडावं लागत नाही, हे माझं जुनं तत्त्व. इटली मी पिझ्झावाल्याकडे संपवली. चीन एका हिवाळ्यात उरकला. पेरूला तर कितीदा जाऊन आलो. बोटीवरचा जुना दोस्त सेगुंदो म्हणतो, लेका बाल्दो, जन्मभर बोटीच्या ऑफिसात बसून सामुद्रधुनीपलीकडची तिकिटं विकलीस आणि पलीकडे एकदा पाय ठेवला नाहीस. मी म्हणालो, पलीकडचा किनारा खिडकीतून दिसतो. जे दिसतं तिथे जायचं कशाला? त्याला पटलं. हसत मात्र बराच वेळ होता.

भारताचं प्रकरण वेगळं. तिथे माझी यास्ना आहे. वाऱ्याच्या गावात जन्मली, पवनचक्क्यांचं शिकली, आता सांगली नावाच्या भागात डोंगरावर पवनचक्क्या सांभाळते. दोन वर्षं झाली, ये म्हणते. मी दर रविवारी जातो, आणि घरी आलो की काय खाल्लं ते तिला फोनवर सांगतो. असा बाप किती जणींना असतो?

१० जानेवारी, मंगळवार
पोट बिघडलं. याला हवापालट म्हणतात. सगळ्याच प्रवाशांना होतं.

१५ जानेवारी, रविवार
ठाकुरदासला आज निवांत गाठलं. म्हटलं, राजवाडे, हत्ती, नदीकाठ, सगळं सांग. तो म्हणाला, बाल्दोभाई, मी उल्हासनगरचा. आमच्याकडे जीन्स शिवतात. म्हटलं, पण वाघ? म्हणाला, वाघ छाप जीन्स होती. पहिल्या धुण्यात रंग जायचा.
माणूस विनयशील आहे. मोठ्या घराण्यातला असावा.

२२ जानेवारी, रविवार
यास्नाचं लग्न ठरलं!
मुलगा तिच्याच कंपनीतला. नाव हृषीकेश. चार वेळा म्हणून बघितलं, चारही वेळा निराळं आलं. आडनाव देवस्थळी. ते सवडीने शिकेन. लग्न दोन मे रोजी, मिरज गावी, मुलाच्या आईवडिलांच्या घरी.
मी ताबडतोब म्हणालो, येतो.
ती म्हणाली, पापा, मी खरंच विचारतेय. येशील?
म्हटलं, अगं, बापाशिवाय लग्न लागतं का?
म्हणाली, लागतं पापा. म्हणून तर विचारतेय.
विनोदी आहे पोरगी. माझ्यावर गेली आहे. मग पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. आनंदाने असणार.
नेवेन्का आणि मिर्कोही जाणार आहेत म्हणे. नेवेन्का म्हणजे माझी पूर्वीची बायको. यास्ना शाळेत होती तेव्हा तिला घेऊन सान्तियागोला निघून गेली आणि तिथे या मिर्कोशी लग्न केलं. मिर्को खिळे-स्क्रू विकतो. त्याला कुठेही बोलवा, हा हजर. घरात पाय ठरत नाही अशी काही माणसं असतात.

२३ जानेवारी, सोमवार
ठराव. एक, पासपोर्ट काढायचा. दोन, पोट तयार करायचं. तीन, हाताने जेवायला शिकायचं. चार, विमानाचा विचार करायचा नाही. पाच, यास्नाला रोज फोन करून धीर द्यायचा. परमुलुखात एकटी पोर, टेन्शन आलं असेल.

२९ जानेवारी, रविवार
पोटाची तयारी सुरू. ठाकुरदासला सांगितलं, आजपासून दर रविवारी तिखट वाढवत न्यायचं, एप्रिलअखेर मला पूर्ण भारतीय करून सोड. तो म्हणाला, मिरजेला लग्न? मिरज जंक्शन आहे. गाडी तिथे पुष्कळ वेळ थांबते.
ही फार उपयोगी माहिती मिळाली.

३० जानेवारी, सोमवार
काल जेवल्यानंतर काय झालं ते लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार
हाताने जेवलो. रस्सा कोपरापर्यंत आला. ठाकुरदासची बायको देवीबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती आत गेली आणि आतून भांडी पडल्यासारखा आवाज आला. बहुधा हसू आवरत नव्हतं. तिला मी म्हणालो, बाई, शिकणाऱ्याला हसू नये. ती म्हणाली, दादा, भाताचा घास बोटांच्या टोकांनी घ्यायचा. तुम्ही कणीक मळताय.

१ मार्च, बुधवार
पासपोर्ट आला! फोटोत मी बंदरावर पकडलेल्या चोरासारखा दिसतो. तरी पासपोर्ट तो पासपोर्ट. स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर उभा करून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडतो. येणारा-जाणारा म्हणजे सेगुंदो. त्याने उघडून बघितला, कोरी पानं चाळली आणि म्हणाला, छान. यात हिशेब लिहायला जागा आहे.

५ मार्च, रविवार
यास्नाला पासपोर्टची बातमी दिली. तिला खूप आनंद झाला. म्हणाली, अरे वा. एवढंच म्हणाली, पण आवाजात आनंद होता. मग म्हणाली, तिकीट मी काढून देऊ का? मी म्हटलं, बापाला तिकीट काढून देणार? जन्मभर दुसऱ्यांना तिकिटं दिली मी. म्हणाली, हो, दुसऱ्यांना.
लग्नाच्या जेवणाचं विचारलं. वरण-भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी आणि ताक. मांस नाही. तिखट? अगदी बेताचं, म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना सोसेल असं.
मी विंदालूपर्यंत पोचलो होतो.
ठाकुरदासला जाब विचारला. म्हणाला, मला ठाऊक होतं, पण बाल्दोभाई, गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारा?

१९ मार्च, रविवार
तिकीट काढलं. पुन्ता अरेनास ते सान्तियागो, तिथून पुढे दोन विमानं, शेवटी मुंबई. निघायचं २७ एप्रिलला. सेगुंदोला दाखवलं तर तो टोपी काढून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वारा फार होता आज.

२६ मार्च, रविवार
आज महत्त्वाचं शिकलो. भारतात मुलीचा बाप मांडवात बसून तिचा हात नवऱ्याच्या हातात देतो. वरून पाणी सोडतात. याला कन्यादान म्हणतात. ठाकुरदास म्हणाला, हे बापाचंच काम. म्हटलं, मग प्रॅक्टिस हवी.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. टेबलं बाजूला सारली. देवीबाई नवरी झाली, ठाकुरदास एकाच वेळी नवरा आणि भटजी. डाव्या हातात पाण्याचा जग. मी देवीबाईचा हात धरला, ठाकुरदासच्या हातावर ठेवला. तो पाणी ओतायला लागला. जग रिकामा झाला, जमीन ओली झाली, तरी विधी पुरा होईना. देवीबाई म्हणाली, अहो दादा, एवढा घट्ट नका धरू. सोडायचाय तो.
मी म्हटलं, सोडतोय की.
म्हणाली, नाही सोडत आहात.
मग ती एकदम आत गेली. ठाकुरदास म्हणाला, तिच्या लग्नात तिचे वडील नव्हते. आधीच वारले होते. काकांनी केलं.
मी म्हटलं, वारला असेल तर माणूस येऊ शकत नाही, हे सबळ कारण आहे. तो फडक्याने पाणी पुसत राहिला.

२ एप्रिल, रविवार
कारणांवरून आठवलं. यास्ना उगाच कधीकधी जुनं काढते. शाळेचं गॅदरिंग झालं तेव्हा ऑफिसात माणूस कमी होता. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मी फोन केला होता, चांगला अर्धा तास. पदवी मिळाली तेव्हा तर माझा शर्ट इस्त्री करून तयार होता, पण ऐन वेळी कान दुखायला लागला, आणि कान दुखत असताना विमानात बसू नये, हे कुणालाही विचारा. दरवेळी कारण सबळ होतं. तिच्या जागी दुसरी असती तर तिला पटलं असतं.
यंदा कानाची तपासणी आधीच करून घेतली. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम. निराश झालो नाही, हे इथे नमूद करतो.

२२ एप्रिल, शनिवार
बोटीवरच्या जुन्या मंडळींनी निरोपाची पार्टी दिली. अख्खं कोकरू शेकोटीवर उभं केलं होतं. सेगुंदोने भाषण केलं. म्हणाला, मित्रहो, ज्याला आम्ही बंदरावरचा खांब म्हणायचो तो आज हलतोय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला खांद्यावर घेण्याचा प्रयत्न झाला. उद्देश चांगला होता.
यास्नासाठी प्रत्येकाने काही ना काही दिलं. लोकरी मोजे, आमच्याकडच्या कालाफाते बेरींचा मुरंबा, सेगुंदोच्या बायकोने विणलेली शाल. बॅग भरली.

२६ एप्रिल, बुधवार
यास्नाचा फोन. म्हणाली, पापा, उद्या ना? म्हटलं, उद्या. म्हणाली, बरं. मग म्हणाली, नाही जमलं तरी चालेल हं.
मुलीचं मन किती मोठं असतं. मी म्हटलं, असं बोलू नकोस, मी विमानात बसल्यात जमा आहे.

२७ एप्रिल, गुरुवार, दुपारी तीन
घरी.
सगळं क्रमाने लिहितो. सेगुंदोने विमानतळावर सोडलं, मिठी मारली, गेला. बॅग दिली, तिला चिठ्ठी लागली, पट्ट्यावरून आत गेली. मी खुर्चीत बसलो. समोर काच, काचेपलीकडे विमान. वारा होता. पंखाचं टोक हलताना मी स्वतः पाहिलं. लोक रांगेत उभे राहिले. मीही उभा राहणार होतो, पण पाय ऐकेनात. पाय माझेच, बूटही माझेच, पण खाली कोणीतरी सिमेंट ओतल्यासारखं झालं.
माझं नाव दोनदा पुकारलं. उच्चार चुकीचा होता.
इतक्या वाऱ्यात विमान सोडणं हा शुद्ध बेजबाबदारपणा. शहाण्या माणसाने अशा वेळी थांबावं.
विमान वेळेवर सुटलं. छान सरळ गेलं. बॅग गेली, मी राहिलो.

२७ एप्रिल, संध्याकाळ
यास्नाला फोन केला. तिच्याकडे मध्यरात्र उलटली होती, जागीच होती. वाऱ्याचं सांगितलं. पंखाचं टोक सांगितलं. ती वाऱ्यातलीच इंजिनिअर, तिला पटणार असं वाटलं होतं. ऐकून घेतलं तिने सगळं. मग म्हणाली, हं. मग म्हणाली, काही खाल्लंस का, पापा?
ओरडली असती तर बरं झालं असतं. मी उत्तरं तयार ठेवली होती.

२९ एप्रिल, शनिवार
पडदे ओढून बसलो आहे. गावाच्या दृष्टीने मी भारतात आहे. दिवा लावता येत नाही. ब्रेड संपला.
उद्याचं विमान अजून मिळू शकतं, ही गोष्ट मला माहीत आहे. चौकशी करणार होतो. पण फोन केला तर मी इथे आहे हे कळेल.

३० एप्रिल, रविवार
टोपी डोळ्यांवर ओढून मागच्या गल्लीने ‘बॉम्बेचा तारा’ गाठला. दार उघडून ठाकुरदास बघतच राहिला. मला वाटलं, आता विचारणार. त्याने खुर्ची ओढली. म्हणाला, बसा. देवीबाईने न विचारता वरण-भात आणून ठेवला. मेनूत नसतो तो. त्यांच्या घरच्यासाठी केलेला होता.
मी म्हटलं, वारा फार होता.
ठाकुरदास म्हणाला, हो, या गावात असतो.

२ मे, मंगळवार
लग्न. मुहूर्त त्यांच्याकडे संध्याकाळचा, म्हणजे आमच्याकडे सकाळचे दहा. हॉटेल सकाळी बंद असतं. ठाकुरदासने माझ्यासाठी उघडलं, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. देवीबाई रेशमी साडी नेसून आली होती. मी कोट घातला होता, तोच, तिथे घालायचा म्हणून बॅगेत न भरता हातात ठेवलेला.
यास्ना हिरव्या बांगड्या, पिवळी साडी, कपाळावर मोत्यांच्या माळा अशी. मी ओळखलंच नाही. मग तिने डोक्यावरचं काहीतरी टोचतंय म्हणून नाक मुरडलं, तेव्हा ओळखलं. तान्ही असल्यापासूनची सवय.
मध्ये एक कापड धरलं होतं, लोक गाणं म्हणत होते, मध्येच सगळे ओरडले आणि तांदूळ उडाले. देवीबाईने मूठभर तांदूळ फोनवर टाकले. ते माझ्या मांडीवर पडले.
मग कन्यादान. पाटावर मिर्को बसला होता. डोक्याला फेटा, तो एका बाजूला कलत होता. शेजारी नेवेन्का. मी ठाकुरदासला म्हटलं, बघ, आता घोटाळा करेल, खिळेवाला आहे, घट्ट धरून ठेवेल. मिर्कोने यास्नाचा हात धरला, मुलाच्या हातात ठेवला आणि बरोबर वेळेला सोडला. पाणीही थोडंच सांडलं.
ठीक केलं. अगदी ठीक केलं त्याने.
एक गोष्ट लक्षात आली. मुलीचा बाप कुठे आहे, असं तिथे कुणीच कुणाला विचारत नव्हतं. दारातून कोणी येतंय का, असं कोणी वळून पाहिलं नाही. यास्नानेही नाही. मी शेवटपर्यंत लक्ष ठेवून होतो.

६ मे, शनिवार
बॅग परत आली. सान्तियागोपर्यंत जाऊन आली. विमान कंपनीचा माणूस दारात ठेवून गेला. या घरात आता माझ्यापेक्षा ती जास्त फिरलेली.

७ मे, रविवार
नेवेन्काचा फोन, सान्तियागोहून. परत आली. मी आधीच सांगून टाकलं की ऐन वेळी मिर्कोची धावपळ झाली त्याबद्दल मला वाईट वाटतं, त्याला माझ्यातर्फे सांग. ती म्हणाली, कसली धावपळ? म्हटलं, ऐन वेळी माझ्या जागी बसावं लागलं ना. म्हणाली, बाल्दो, यास्नाने मिर्कोला जानेवारीतच विचारलं होतं. तुला फोन केला ना, त्याच दिवशी संध्याकाळी. फेट्याचं मापही आम्ही तेव्हाच पाठवलं.
मी म्हटलं, पोरगी व्यवस्थापनात हुशार आहे.
नेवेन्का म्हणाली, ती त्या दिवशी खूप रडली होती, बाल्दो. मग डोळे पुसले आणि माप विचारलं.
आज ठाकुरदासकडे गेलो नाही. भूक नव्हती.

११ मे, गुरुवार
किराणावाल्याकडे सेगुंदो भेटला. लपायला जागा नव्हती, बटाट्यांच्या पोत्यामागे माणूस मावत नाही. म्हटलं, लवकर आलो परत. भारत छान आहे. फार तिखट नाही. मिरज जंक्शन आहे, गाडी तिथे पुष्कळ वेळ थांबते. गर्दी फार, पण माणसं विनयशील.
तो ऐकत होता. म्हणाला, छान, छान. मग माझी पिशवी त्याने घेतली आणि घरापर्यंत आणून दिली. दारात म्हणाला, माझ्या बायकोने फोटो बघितले, नेवेन्काने टाकलेत. यास्ना सुंदर दिसते.
टोमणा मारला नाही. जन्मभर एक दिवस सोडला नव्हता त्याने. आज मारला नाही.

१४ मे, रविवार
फोनवर एक निरोप आला, कुणा म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात, त्यांच्या भाषेत. ठाकुरदासकडे घेऊन गेलो. तो उल्हासनगरचा, त्याला ती येते. त्याने कान लावून ऐकलं, मग पुन्हा ऐकलं. म्हणाला, तुमचे व्याही आहेत, अण्णा देवस्थळी. तब्येत कशी आहे म्हणून विचारतात.
म्हटलं, कुणाची?
म्हणाला, तुमची. ते म्हणतात, यास्नाने आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं की वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. लग्नात आम्ही कुणाला तुमचा विषय काढू दिला नाही, पोरीला रडू येईल म्हणून. आमच्या हिने तुमच्यासाठी सांगलीच्या गणपतीला नारळ बोलला आहे. आणि पुढे म्हणतात...
इथे ठाकुरदास थांबला.
पुढे म्हणतात, तुम्हाला येता येत नाही, तर आम्हीच येतो. आम्ही दोघं कधी कोल्हापूरच्या पुढे गेलो नाही, माझे गुडघेही गेलेले आहेत. पण मुलीच्या बापाला न भेटता कसं चालेल? यास्नाला आम्ही पासपोर्टचं विचारलं आहे.
देवीबाई मागे उभी होती. तिने माझ्यासमोरची ताटली उचलून नेली. माझं जेवण अजून संपलं नव्हतं.

१७ मे, बुधवार
यास्नाचा फोन. आवाज हळू, बहुतेक गच्चीवरून बोलत होती. म्हणाली, पापा, ते खरंच निघालेत. अण्णांनी लोकरीचा कोट शिवायला टाकलाय. म्हटलं, येऊ दे की! मी त्यांना भारतीय हॉटेलात नेतो. मग माझ्याच लक्षात आलं, मी अंथरुणाला खिळलेला आहे.
मी म्हटलं, मी खरं सांगून टाकतो त्यांना.
म्हणाली, कुठलं खरं, पापा? तुला काही झालेलं नाही, तू धडधाकट आहेस आणि तू आला नाहीस, हे? ते मला तोंडाने म्हणता आलं असतं तर मीच नसतं सांगितलं?
मी म्हटलं, वारा...
म्हणाली, पापा, प्लीज.
असं ठरलं की रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. मी म्हणायचं, इतक्या लांब येऊ नका, डॉक्टरांनी माणसं भेटायला बंदी केली आहे. यास्ना भाषांतर करेल. म्हणाली, दाढी करू नकोस. दोन उशा घे. आणि खोकू नकोस, तुला खोटं खोकता येत नाही.

२१ मे, रविवार
सकाळीच अंथरुणात पडून राहिलो. रग गळ्यापर्यंत. औषधाच्या बाटल्या नव्हत्या म्हणून व्हिनेगरची बाटली उशाशी ठेवली, लेबल भिंतीकडे करून.
कॉल लागला. अण्णा देवस्थळी म्हणजे बारीक, चष्मा, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मला पाहताच खुर्चीतून उठून उभे राहिले. पलीकडे, तिकडे, त्यांच्या घरात उठून उभे राहिले आणि हात जोडले. मीही जोडायला हात रगाबाहेर काढले. यास्नाची सासू वसुधाताई माझ्याकडे बघून पदराने डोळे टिपत होत्या. यास्ना दोघांच्या मधे. गळ्यात काळे मणी.
वसुधाताईंनी काहीतरी विचारलं. यास्ना म्हणाली, विचारतायत, काय जेवता.
म्हटलं, सांग, काही जात नाही. मऊ भात.
त्यांनी मान हलवली. मऊ भात कसा करायचा ते सांगायला लागल्या. हिंग घाला, म्हणाल्या, थोडं तूप. पोटाला बरं. खूप वेळ सांगत होत्या. मी डोळे मिटून ऐकलं, आजारी माणूस ऐकतो तसं.
मग येण्याचं निघालं. मी ठरलेलं सगळं बोललो. डॉक्टर, बंदी, लांबचा प्रवास, थंडी. अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी बराच वेळ यास्नाच्या डोक्यावर हात ठेवला, मग मला काहीतरी विचारलं.
यास्ना माझ्याकडे बघून हसत होती, त्यांना दिसावं म्हणून हसत होती, आणि आमच्या भाषेत बोलत होती, जी त्यांना येत नाही. म्हणाली, ते विचारतायत, तुझे पापा किती वर्षं असे आजारी आहेत. हे त्यांनी मला आधीही विचारलं होतं. मी सांगितलं, मी लहान होते तेव्हापासून.
मी म्हटलं, बरोबर सांगितलंस.
तिचं हसू तसंच राहिलं. डोळे नाही राहिले. म्हणाली, नीट केलंस सगळं, पापा. आता झोप.
मग त्या दोघांनी पुन्हा हात जोडले, आणि फोन बंद झाला.
उठून बसलो. बाहेर ऊन होतं. रविवार होता, ठाकुरदासचं हॉटेल उघडलं असणार. मला काहीही झालेलं नाही. हातपाय ठीक, कान उत्तम.
परत आडवा झालो.